पिळाचा दांडा

भवानी पेठेत, लाकूड बाजाराच्या मागे,
इलियासच्या गॅरेजात ती टेम्पोतून उतरली
तेव्हा उजवा मडगार्ड नव्हता.
बाकी होती सगळी. कासवाची पाठ, बेडकाचे डोळे,
आणि मागचं झाकण उघडलं तर चार सिलिंडर,
दोन इकडे दोन तिकडे, आडवे,
पुण्यात आल्या आल्या वामकुक्षी शिकल्यासारखे.

रेडिएटर शोधू नका, मी पुस्तकात पाहून सांगितलं.
पाणीच लागत नाही हिला. पंखा आहे, वारा आहे.
“म्हणजे रिक्षा,” इलियास म्हणाला.
“इंजिन मागे, पाणी नाही, बोंब मोठी.
एवढ्यासाठी जर्मनी कशाला?”

मला बोलावलं होतं पुस्तकापुरतं.
छप्पन्न सालचं, होमी दस्तूरांच्या कॅम्पातल्या कपाटातलं,
पानापानावर तेलाचे अंगठे.
एकतीस वर्षं जर्मन शिकवलं मी,
पोरं म्युनिकला गेली, तिथून दिवाळीला फोन करतात;
पण ‘झडपेची फट इंजिन थंड असतानाच मोजावी’
हे वाक्य मला कधीच लागलं नव्हतं.

पान चाळीसवर अडले.
ड्रेश्टाब.
स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. एक सरळ सळई,
एक टोक घट्ट धरलेलं, दुसऱ्याला चाक.
खड्डा आला की सळई पिळते,
खड्डा सरला की पीळ सुटतो.
वहीत लिहिलं: पिळाचा दांडा.
“सुटायला वेळ कुठाय,” इलियास म्हणाला,
“आपल्याकडे खड्डा सरतो कधी?”

मडगार्ड कुठेच मिळेना. नाना पेठेत तर हसले.
मग तांबट आळीतून रघुवीर पोटफोडे आले,
वय एक्काहत्तर, पिशवीत स्वतःच्या मोगऱ्या.
डावा मडगार्ड त्यांनी डोळे मिटून चाचपला,
वैद्य पोट चाचपतो तसा,
आणि लोखंडाला पहिल्याच दिवशी शिव्या दिल्या:
तांब्यासारखं ऐकत नाही, सुनेसारखं ऐकून घेतं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना मी सांगितलं:
देश हरला होता. शहरांवर बॉम्ब पडत होते तेव्हाच
ही मंडळी ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात गेली होती,
लाकूड कापायच्या गिरणीत.
तिथं लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून
पहिल्या पन्नासेक गाड्या उभ्या केल्या. हातानं.
कप तोंडाशीच राहिला.
“हातानं?”
हातानं.
“कोण होता तो?”

पुस्तक चाळलं. कुठला बोल्ट किती जोरानं आवळावा, ते होतं.
फट मिलिमीटरच्या दशांशात होती.
ठोकणाऱ्याचं नाव नव्हतं.

गप्प बसवेना म्हणून मी म्हण टाकली:
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, नाही का.
“बाई,” पोटफोडे म्हणाले,
“ही म्हण चांगल्याला नाही वापरत.”

खरं होतं.
त्याच घराण्याच्या आराखड्यांच्या टेबलावर
आधी रणगाडे आखले गेले होते.
गिरणीतला भुसा झाडून काढता येतो.
मी वही मिटली. मग उघडली. शब्द तसाच ठेवला.

बोपदेव घाटात होमींची नात चालवत होती.
पुस्तकातली ताकीद मी मोठ्यानं वाचली:
वळणात घाबरून पाय काढू नका,
मागचं ओझं पुढे येऊ पाहतं.
तिनं पाय काढला नाही. मीच डोळे मिटले.
खाली दरीत कोंढव्याचे दिवे
एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले, परत आले.

रंग लावायच्या आदल्या संध्याकाळी
मी टॉर्च घेऊन चाकाजवळ वाकले होते.
मडगार्डच्या आतल्या अंगाला, चिखल उडतो तिथं,
बंबावर असतो तसा मठार घातलेला,
ठिपक्याला ठिपका चिकटून, ओळीनं.
कुणी सांगितलं होतं, मी विचारलं.

“हाताला सवय आहे,” ते म्हणाले,
आणि पिशवीत मोगऱ्या मोजून भरू लागले.